गडग्याआडून टीडीएम

— नाय गो बाय, पाण्यात नाय पडला, सगळे तेच विचारतात. कातळावर पडला. वांदराने खिशातून ओढला आणि दिला टाकून. त्याला काय, आंबा असो नायतर मोबाईल, चाखून बघायचा आणि नको झाला की फेकायचा. तू काच बदल, आतला तो डिस्प्ले का काय तोपण बदल, फक्त साडेचारच्या आत होईल काय ते सांग. आता किती झाले? साडेतीन. मग होईल ना? नाय, एसटीची घाई नाय, पूर्णगडची गाडी सहाला आहे. साडेचारला माझं जरा काम आहे. मोबाईलवरच आहे. काय काम — आता सांगितलं तर हसशील. बरं, सांगतो, पण हात थांबवू नको. मॅच आहे. क्रिकेटची नाय, माझी. टीडीएम, मोबाईलवरचा तो बंदुकांचा खेळ असतो ना, त्यातली.

बघ, हसलीस. हस. रावजी म्हणतात मला, एकसष्ट पूर्ण झाली, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या दिवाळीत झालं, आणि त्यानंतर माझा नेम सुधारला, हे खोटं असेल तर विचार कोणालापण. बोर्डावर ‘ईशा मोबाईल’ लिहिलंय ती ईशा तूच ना? मग ईशा, तू सांग, तू खेळतेस काय? नाय? दिवसभर दुसऱ्यांचे मोबाईल उघडून कंटाळा येत असेल, बरोबर आहे. पण तुझ्याकडे येणारी मुलं खेळतात ना, त्यातली निम्मी तो मोठा खेळ खेळतात — विमानातून उडी मारायची, परक्याच्या घरात शिरून बंदूक शोधायची, औषधं गोळा करायची, अर्धा तास रानोमाळ फिरायचं आणि शेवटी झुडपातून कोणीतरी एक गोळी घालतो. संपलं, घरी जा. एवढा वेळ आहे कोणाला? मोसमाच्या दिवसांत? टीडीएमचं तसं नाय. हे चार, ते चार, छोटीशी जागा, दहा मिनिटं. कोणाचे चाळीस मारून आधी होतात ते बघायचं. आणि मेलास तर काय? तीन सेकंद. तीन सेकंदांत परत उभा, परत बंदूक हातात, परत गोळ्या भरलेल्या. कोणी विचारत नाय कसा मेलास, का मेलास. आमच्या वयाला असं कोण देतो सांग बघू.

आता माझी खेळायची पद्धत वेगळी. मी राखणदार माणूस, चाळीस वर्षं कलमांची राखण केली, स्वतःची तीसच आहेत, बाकी लोकांच्या बागा. राखणदार एका वांदरामागे धावत सुटला की उरलेली वीस वांदरं मागून बाग साफ करतात, हे मला माझ्या वडलांनी शिकवलं. म्हणून मी जागा सोडत नाय. तिथे एक लोखंडी डबा असतो, तो बंदरावर असतो तसला मोठा कंटेनर — मी त्याला आपला गडगा बोलतो, बागेच्या दगडी कुंपणासारखा — त्याच्याआड बसायचं, कोण येतोय बघायचं, आला की द्यायची. दोन मिळतात, तीन मिळतात, एकदा सहा मिळाले होते. बाकीचे धावतायत, उड्या मारतायत, मी आपला गडग्याआड. मला सगळे ‘कॅम्पर, कॅम्पर’ लिहायचे. मला वाटलं कौतुक करतायत. मी घरी मालनला — मालन म्हणजे आमची बायको — तिला सांगणार होतो. मग बागेतला नेपाळी गडी बोलला, काका, वो गाली है, एका जागी लपून बसतो त्याला देतात. गाली तर गाली, राखण काय मी सोडणार नाय.

आमच्यात तिघं पक्के आहेत, चौथा कोणीपण येतो. एक मी. एक प्रज्ञेश, त्याचं नाव प्रज्ञेशच लिहिलेलं असतं, पुढे कसलेतरी आकडे. हा म्हणजे नुसता पुढे धावतो. शिट्टी झाली की गेलाच, मेलाच, उठलाच, परत गेलाच. डोकं कमी, पण कुरकुर नाय हां, तेवढं खरं. एकदा मी जिन्याकडे बघायला विसरलो आणि माझ्या चुकीने तो लागोपाठ चारदा मेला. दुसरा असता तर आईवरून शिवी दिली असती. हा लिहितो, ‘चालतंय काका.’ मनाने बरा आहे. — काय? नाय, मी त्याला वय कशाला सांगू? मुंबईकडचे कोणालापण काका बोलतात, भाजीवाल्याला काका, रिक्षावाल्याला काका. त्यात काय.

आणि तिसरी हापूसराणी. ती खेळते बघ. डावीकडून शिरेल असं वाटतं, उजवीकडून निघते. हात इतका हलका, की समोरच्याला कळत नाय आपण मेलो ते. आणि एवढी धावती खेळाडू, पण मधेच सगळं सोडून येते आणि माझ्या बाजूला येऊन बसते. गडग्याआड. समोर कोणी नसतं, कारण नसतं, तरी पाच-सात सेकंद बसते आणि जाते. मला आधी कळेना कशाला. मग मी धरून चाललो की माझी पाठ राखत असेल.

मोबाईल जुना आहे ना? असणारच, माझा नाय तो, मुलीचा. दर्शनाचा. ती गेली तेव्हा नवा घेऊन गेली, हा कपाटात होता. मागच्या पावसाळ्यात मी हवामान बघायला म्हणून चालू केला, तर त्यात तो खेळ होता, कुठेतरी बोट लागलं, आणि वर पाटी आली — हापूसराणी तुम्हाला बोलावतेय, येणार काय. नाय बोलायला कुठे दाबायचं ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून गेलो. — वाशीला असते ती आता. लग्न करून. नाय, आम्ही नव्हतो लग्नाला, रजिस्टर केलं त्यांनी. ते जाऊ दे, तू तो स्क्रू बघ, पडेल खाली.

बरोबर. ओळखलंस. हापूसराणी म्हणजे तीच. लहान होती तेव्हा कलमाखालून हलायची नाय, तोंड, फ्रॉक, केस सगळं पिवळं, तेव्हा मीच तिला हापूसराणी बोलायचो. दुसरं कोणी नाय बोलायचं. ते नाव बघितलं आणि पहिल्या दिवशी मी नऊ वेळा मेलो. पण तिला ठाऊक नाय हां. तिला कसं कळणार? ह्या मोबाईलवर नाव अजून तिचंच आहे, ‘दर्शू’. तिला वाटत असेल आम्ही मोबाईल विकला कोणालातरी आणि तो घेणारा खेळतोय. मी काही लिहीत नाय. माईक तर कायमचा बंद. बोललो तर आवाज ओळखेल. तिचंपण बोलणं ऐकायला येतं म्हणतात, पण मी तो आवाजपण बंद ठेवतो — ऐकवत नाय मला. नुसतं बघतो. रोज साडेचार ते चार-चाळीस. दोन वर्षं झाली ती घरातून जाऊन, त्यातलं एक वर्ष मी रोज दहा मिनिटं तिच्या बाजूला उभा आहे. बस झालं की. लोकांच्या मुली अमेरिकेला असतात, त्यांना तेवढंपण मिळत नाय.

का गेली ते तू विचारणार, मला ठाऊक होतं. प्रज्ञेश आमच्याच गावचा. हां, तोच धावणारा. बौद्धवाडीतला, भिकूचा मुलगा. भिकू आणि मी एका बाकावर शिकलो, एकाच पंपाने दोघांची कलमं फवारली. मुलगा शिकलेला, आधी जयगडला बंदरात होता, मग वाशीला बदली झाली, दारू नाय, तंबाखू नाय. असं बघू नको माझ्याकडे. मलापण ठाऊक आहे अडचण काय नव्हती ते. मुलात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून मी वाडी काढली. बोललो, गेलीस तर या दारात परत पाय ठेवायचा नाय. वाडीतले चार जण काय बोलतील याची भीती होती. त्या चारांतला एक वारला, दोघं मुलांकडे मुंबईला जाऊन राहिले, आणि चौथा परवा मलाच विचारतो, रावजी, दर्शना मोसमाला येणार काय रे? मी काय सांगणार त्याला. बोललो, बघू.

चुकलं माझं. हे मी कोणासमोर बोललो नाय, मालनसमोर नाय, देवासमोर नाय, तुझ्या दुकानात बोलतोय. मला तिची आठवण येते गो. जेवताना येते, फवारणी करताना येते. पण जीभ आपलीच, ती परत कशी घ्यायची ते मला कोणी शिकवलं नाय. वडलांनी राखण तेवढी शिकवली.

— झाला काय डिस्प्ले? अजून नाय. बरं. मी वायच खरं सांगतो तुला. वांदर नव्हतं. सोमवारी माझ्याच हातातून पडला. झालं काय, मॅच संपली की ती चौथ्या खेळाडूशी काहीबाही लिहिते, मी वाचतो. महिन्यापूर्वी तिने लिहिलं, बाळ लाथ मारतंय, नेम चुकतोय. असं कळलं मला, की मी आजा होणार. बागेत एकटा उभा होतो, सांगायला कोण? वांदरं. आणि आता सोमवारी लिहिलं, डॉक्टर बोललेत, येत्या सोमवारपासून प्रवास बंद. आठवा सरत आलाय ना. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तुला सांगायला नको. बापाने जायचं, मुलीला घेऊन यायचं. जमलं नाय तर निदान बोलावणं धाडायचं. न बोलावता पहिलटकरीण येत नाय, आणि हिच्यापुढे तर मीच दार लावून घेतलंय. आज शुक्रवार. शनिवार, रविवार, संपलं. मग ते पोर तिकडेच होणार, भाड्याच्या घरात, दोघंच दोघं, आणि मालनला नात की नातू हे कळणारपण नाय. हे वाचलं आणि बोटं सुटली. खाली कातळ.

मालनला मी यातलं काही सांगितलं नाय. सांगायचं कसं? तिला बाळाचं सांगायचं तर खेळाचं सांगावं लागेल, खेळाचं सांगायचं तर वर्षभराचं सांगावं लागेल. तिच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यावर ती माहेरच्यांशी बोलते, या मोबाईलला हात लावत नाय. माझ्या हातात दिसला तरी तोंड वाकडं करते. म्हणून तर मला नवल वाटलं — बुधवारी रात्री जेवताना अचानक विचारते, छातीत वगैरे दुखत नाय ना तुमच्या? मी बोललो, नाय. बरं तर आहात ना? बोललो, आहे. काल सकाळी परत तेच, आणि मग बोलते, तो मोबाईल नीट करून आणा रत्नागिरीतून. मोबाईल, ही बोलते. आज तर एसटीत जवळजवळ ढकललं मला, आणि वर ही यादी दिली बाजाराची. तेवढी वाचून दाखव बाय, शेजाऱ्याच्या मुलीकडून लिहून घेतलीय, अक्षर बारीक आहे, आणि माझा चष्मा घरी राहिला.

अळीव. हां, हिचे केस गळतात. डिंक, सुंठ — ते आपलं नेहमीचं, कंबर दुखते. पुढे? बाळंतशेपा. गॅस होतो ना हिला, जेवल्यावर चघळते ती. वेखंड. ते मुंग्यांना घालायला असेल, पडवीत मुंग्या फार झाल्यात. —

का थांबलीस? वाच की पुढे. — तुझ्या ताईच्या वेळी? कोणत्या वेळी? हेच सगळं आणलं होतंस? अळीवपण? वेखंडपण, बाळाला?

वायच थांब. मला बसू दे.

म्हणजे मालनला ठाऊक आहे. महिनाभर — नाय, मुंग्या आमच्या पडवीत नायत, तुला खोटं कशाला सांगू. आतली खोली तिने शेणाने सारवून घेतली मागच्या आठवड्यात, मी विचारलं कशाला, तर बोलली, आंबे पिकत घालायला. आंबे आम्ही कधी त्या खोलीत घालत नाय. आणि मी मान हलवली. माहेरच्यांशी बोलते म्हणे रोज. कुठल्या माहेरच्यांशी? हिची आई जाऊन दहा वर्षं झाली.

काय बोललीस? परत बोल. हळू बोल, मला समजू दे.

हो की. मोबाईल विकला असता, तर तो घेणारा काका आहे की पोर आहे हे त्या प्रज्ञेशला कसं कळलं? आणि ती माझ्या बाजूला येऊन बसायची... आणि मंगळवार, बुधवार मी खेळायला आलो नाय. दोन दिवस दर्शू नाव दिसलं नाय तिकडे. आणि बुधवारी रात्री मालन मला विचारते, छातीत दुखतंय काय. म्हणजे विचारणारी ही नव्हती.

वर्षभर गो. वर्षभर त्या दोघांना ठाऊक आहे, मालनला ठाऊक आहे, भिकूलापण असणार, तो बाजारात मला बघून गालात हसतो ते मला वाटायचं दात नवे बसवलेत म्हणून. आणि मी एकटा गाढव, मला वाटत होतं मी लपलोय. तो पोरगा माझ्यासाठी चारदा मेला आणि काका बोलला. मी त्याला दारात उभा केला नाय, आणि तो माझ्यासाठी — अगो, त्याने मला एक शब्द उलटा लिहिला नाय कधी. लिहू शकला असता. आपण असतो तर लिहिला असता.

नाय, रडत नाय. ऑपरेशनचा डोळा आहे, पाणी येतं त्याला.

लागला? उजेड आला की. वा, काच चांगली बसवलीस, एकदम नव्यासारखी. सांग किती द्यायचे ते, देतो, आधी हे बघ — साडेचार झाले काय? अजून दोन मिनिटं? आली बघ, पाटी आली. ती आधीच येऊन बसलीय. हापूसराणी बोलावतेय. रोज अशीच आधी येऊन बसत असेल का गो? मी आपला साडेचार झाल्याशिवाय बघायचो नाय.

दाबतो. दाबलं. हा प्रज्ञेश आला. हा चौथा कोण आहे तो असू दे. — ईशा, तो माईक कुठे असतो? कोपऱ्यात? हा? याच्यावर रेघ मारलीय. ती रेघ काढ. नाय, तूच काढ, माझं बोट भलतीकडे लागेल आणि बाहेर पडेन मी. आणि आवाजपण चालू कर, तिचा. पूर्ण मोठा कर. झालं? आता बोललो की जाईल तिकडे? इथूनच? ओरडायला नको ना?

दर्शू.

...

मी. मी बोलतोय. बाबा. — हां. — हां, बरा आहे मी, छातीत काय नाय, मोबाईल पडला होता. — गो, रडतेस काय, समोर बघ, तो जिन्यावरून उतरतोय, मारेल तुला. — मारलं बघ. तीन सेकंद थांब आता, आणि ऐक. उद्या सकाळच्या गाडीने मी येतोय. — न्यायला. — आई? आईने खोली सारवली केव्हाच, मलाच ठाऊक नव्हतं. — नाय, तू काय आणू नको, तू फक्त ये. तो ऐकतोय काय? आज धावला नाय तो, अजून तिथेच उभा दिसतोय. त्याला बोल, पुढे ये. — प्रज्ञेश, तुझ्याशी बोलायचंय मला, आधी तुझ्याशी, मग तिच्याशी. दोन वर्षांपूर्वी तू आमच्या अंगणात —

ईशा, बाय, तू वायच बाहेर जाऊन उभी राहा. दुकान तुझंच आहे, मला ठाऊक आहे. तरीपण जा, आणि ते दार ओढून घे.